उंबऱ्यावरचं लिंबू

खोली दाखवायच्या आधी जिजीने माझे हात हुंगले.

लिंबायतमध्ये भाड्याची खोली शोधत मी आठवडाभर घरमालकांची दारं झिजवली होती. कुणी गाव विचारी, कुणी जात, कुणी घरात माणसं किती ते. ही बाई ओट्यावर गहू निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "हात दखाड भाऊ." मला वाटलं, भविष्य बघते की काय. मी तळवे पुढे केले. तिने ते धरून नाकाजवळ नेले, नखांच्या कडा निरखल्या आणि निकाल दिला, "कलर किचन."

मी खरंच एका डाईंग मिलच्या कलर किचनमध्ये कामाला होतो. साड्यांचे रंग मापून, कालवून मशीनवर पाठवतात त्या खोलीला सुरतेत सगळे किचनच म्हणतात. गावाकडे माझ्या आईला बरीच वर्षं वाटत होतं की पोरगा कुठेतरी आचारी म्हणून लागला आहे.

"मन्हा मालकबी किचनमाच व्हता," जिजी म्हणाली. "खोली घे. पन एक गोठ ध्यानमा ठेव. मन्हा घरमा मिलना ड्रम चालाव नही."

भाडेकरूला घातलेली तिची ही एकमेव अट. मी हो म्हणालो. बायकोला घेऊन राहायला आलो. ती अट मी कशी पाळली ते पुढे येईलच.

जिजी बोलायची अहिराणी. मी जालन्याकडचा, सुरुवातीला मला निम्मं कळायचं, निम्मं तिच्या हातवाऱ्यांवरून लावावं लागायचं. इथे तिचं बोलणं मी बहुतेक माझ्या मराठीत आणलं आहे. काही वाक्यं मात्र तिच्याच तोंडची राहू दिली आहेत, कारण इतक्या वर्षांनीही ती मला तशीच ऐकू येतात. तिचं खरं नाव काय होतं ते मी कधी विचारलं नाही. अख्खी गल्ली तिला जिजीच म्हणायची.

ते प्लेगच्या साथीनंतरचं वर्ष. मिळेल त्या गाडीने पळून गेलेली माणसं परतत होती, खोल्या पुन्हा भरत होत्या, महापालिकेच्या गाड्या दिवसातून दोनदा कचरा उचलत होत्या आणि सगळ्यांना त्याचं फार कौतुक होतं. जिजीला नव्हतं. "उंदराच्या रोगाला भिऊन अर्धं सुरत पळालं," ती म्हणायची, "रंगाला भिऊन एक तरी पळाला का?"

आमच्या गल्लीत प्रत्येक घरापुढे निळा ड्रम असायचा. मिलमध्ये रंगाचे, रसायनांचे ड्रम रिकामे झाले की कामगार ते घरी आणत, धुण्याच्या सोड्याने घासत आणि पिण्याचं पाणी भरत. जिजीकडे मात्र मातीचा रांजण. येता-जाता ती लोकांच्या ड्रमावर बोटाच्या पेराने टकटक करी, झाकण उचलून आत नाक घाली.

"दोनदा धुतलाय, जिजी," घरातली बाई आतून ओरडे.

"तू धुतलास गं. ड्रमाने सोडलं का?"

तिच्या या नाकाची गल्लीत थट्टा चाले. पोरं तिला बघून आपले शर्ट हुंगत. तिला राग येत नसे. उलट ती थांबून विचारी, "कसला वास येतो? नीट सांग." आणि पोरगं गडबडून पळून जाई.

कुणी नवं कापड अंगावर घातलं की जिजी कमरेची पिशवी सोडायची. तिच्यात नवऱ्याच्या जुन्या धोतराचे हातरुमालाएवढे पांढरे तुकडे असत. तुकडा पाण्यात भिजवायचा, साडीच्या काठावर दहा वेळा घासायचा आणि उजेडात धरायचा. मिलमध्ये मास्टर कापडाचा रंग पक्का आहे की नाही ते असंच बघतो; तिने ते नवऱ्याकडून उचललं होतं. तुकड्याला रंग लागला तर ती त्याची घडी करून दोऱ्याने चिठ्ठी बांधी. लिहिता जेमतेम यायचं. 'मोठी सून, दिवाळी.' 'रमेशचं झबलं.' असे शेकडो तुकडे तिने एका गाठोड्यात जपले होते. एकदा एका लग्नात आहेर चालू असताना ती उठली आणि नवरीच्या शालूवर ओला तुकडा घासायला लागली. वरमाय किंचाळली. जिजीने लाल झालेला तुकडा तिच्यापुढे धरला. "आज रात्री ही घामेजली की हे सगळं तिच्या अंगात. तीन पाणी मिठाचं दे आधी, मग नेसव." लोक हसले, कुणी वैतागले. नवरीने मात्र दुसऱ्या दिवशी शालू मिठाच्या पाण्यात भिजत घातला होता. ते तिनेच नंतर माझ्या बायकोला सांगितलं.

जिजीच्या कपाळावर, बरोबर मधोमध, एक पांढरा डाग होता. कोड नव्हे, त्याच्या कडा आखल्यासारख्या गोल होत्या. पहिल्यांदा पाहणाऱ्याची नजर तिथे अडकायचीच. मग ती स्वतःच सांगायची. लग्नानंतर सुरतेला आल्यावर ती इथलं बाजारचं कुंकू लावायला लागली. खाज सुटली. मग लाली आली, मग कातडी पांढरी पडली. डाग झाकायला तिने कुंकू मोठं केलं. डागही मोठा झाला. ती आणखी मोठं लावायला लागली. "लोक म्हणायचे, काय बाई ठसठशीत कुंकू लावते, नवऱ्यावर केवढी माया! आणि मी आत खाजवून मरायची."

नवरा गेला लघवीतून रक्त जाऊन. डॉक्टर म्हणाला, तंबाखू. "मन्हा मालक बडीशेपबी खाये नही," एवढं ती म्हणे आणि माझ्या रंगलेल्या नखांकडे बघे. तो गेल्यावर कुंकू पुसलं गेलं आणि सगळ्या गल्लीला तो डाग दिसला. लोकांना वाटलं, दुःखाने उठला.

"कपाय काय पत्रा शे का?" हे तिचं पालुपद. कपाळ म्हणजे काही पत्रा नाही, रंग फासला आणि वरच राहिला असं होत नाही.

त्या काळात एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी एक गुजराती बाई आणि तिचे पाच-सहा विद्यार्थी आमच्या भागात यायचे. मिलचा रंग मिसळलेलं खाडीचं पाणी बाटल्यांत भरून न्यायचे, फलक घेऊन मिलच्या फाटकांपुढे उभे राहायचे. त्यांना आम्ही कामगार जरा टाळूनच असायचो. जिजी एके दिवशी त्यांच्या घोळक्यात शिरली आणि त्या बेनला म्हणाली, "खाडीचं पाणी कुणी पीत नाही बेन. कुंकू सगळ्या लावतात. तिथून सुरू करा." बेन हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती जिजीच्या ओट्यावर बसून चहा पीत होती, आणि तिथेच तिने जिजीला लिंबाची गोष्ट सांगितली. हळदीचं खरं कुंकू चुन्यासारख्या क्षाराने लाल झालेलं असतं. त्यावर लिंबू पिळलं की ते परत पिवळं पडतं. मिलच्या रंगाचं कुंकू लालच्या लाल राहतं.

जिजीचा चेहरा तेव्हा मी पाहिला. देवाने स्वतः येऊन कानात काही सांगितल्यासारखा झाला होता. तिने रांजणाशेजारच्या शिंकाळ्यातून लिंबू काढलं, शेजारणीकडून चिमूटभर कुंकू आणलं आणि पिळलं. कुंकू लालच राहिलं. "एक लिंबू!" ती पुनःपुन्हा म्हणत होती. "एवढं सोपं? एक लिंबू!"

त्या दिवसापासून ती लिंबाशिवाय घराबाहेर पडली नाही. दुकानात जायची, कुंकवाच्या ढिगावर पिळायची. दुकानदार हाकलायचा. ती विचारायची, "तुझी आई हेच लावते का?" दोघातिघांनी पुडे मागे ठेवले. एकाने तिच्यावर तराजूचं पारडं उगारलं.

मग बेनने एका सरकारी कचेरीवर मोर्चा काढायचं ठरवलं. मोर्चा कसला, पंधरा-वीस माणसं होतो. त्या दिवशी मिलला सुट्टी होती आणि जिजीने मला बरोबर घेतलं, कारण लिंबांची पिशवी जड होती. विद्यार्थ्यांच्या हातात गुजरातीत रंगवलेले फलक, जिजीच्या हातात ताट, ताटात निरनिराळ्या दुकानांतलं कुंकू. साहेबांनी दोघांनाच आत सोडलं. बेन आणि जिजी आत गेल्या आणि पिशवी धरून मीही मागोमाग.

साहेब भला माणूस होता. त्याने ऐकून घेतलं. मग कसनुसा चेहरा करून म्हणाला, "माजी, कंकु अमारा खातामां नथी आवतुं." म्हणजे कुंकू त्याच्या खात्यात येत नव्हतं. खाण्याच्या पदार्थात येत नाही, औषधात येत नाही. पूजेचं सामान आहे.

जिजी तिच्या धेडगुजरी हिंदीत म्हणाली, "तो साहेब, हमारे कपाळ का खाता कौनसा?"

साहेबाच्या टेबलामागे भिंतीवर अंबाजीची तसबीर होती, खाली वाटीत कुंकू. जिजीने तिकडे पाहून हात जोडले. "साहेब, इजाजत दो." तो काही बोलायच्या आत ती तसबिरीजवळ गेली, वाटीतली चिमूट कागदावर घेतली, वर लिंबू पिळलं आणि कागद त्याच्यापुढे ठेवला. लाल. साहेबाने तो कागद पाहिला. मग त्याने उठून वाटी उचलली आणि टेबलाच्या खणात ठेवून दिली. आदेश वगैरे काही निघाला नाही. पण एक सरकारी माणूस देवीपुढचं कुंकू आपल्या हाताने उचलतो, हे मी पाहिलं. चौथीदेखील न शिकलेली, हळदीकुंकवातून वगळलेली ही बाई त्या खोलीत कुणापेक्षाच लहान दिसत नव्हती.

आणि लिंबांची पिशवी हातात धरून उभा असलेला मी, त्याच वेळी तिच्याच घरात, तिच्याच अटीखाली राहून मिलचा रंग आणत होतो.

हे आता लिहायलाच हवं. रंगाचा ड्रम रिकामा झाला की त्याच्या तळाशी, कडेला, आतल्या पिशवीच्या घड्यांत थोडी भुकटी उरते. ती झटकून काढायची आणि न्यायची, हा कलर किचनमधल्या माणसाचा हक्कच समजला जाई. कुणी गुलाल करणाऱ्याला देई, कुणी अगरबत्तीवाल्याला. माझी बायको घरात कुंकू करायची. मक्याचा बारीक स्टार्च, थोडं तेल आणि मी आणलेला लाल रंग. ड्रम घरात आणायचा नव्हता, म्हणून मी तो रंग जेवणाच्या डब्याच्या खालच्या पुडात आणायचो. वरच्या पुडातल्या पोळ्या मी दुपारी खाल्लेल्या असायच्या.

त्या ड्रमांवर कवटीचं चित्र होतं. मी ते रोज पाहत होतो. पहिल्यांदा रंग आणला तेव्हा बायकोने विचारलं होतं, "अंगाला चालतो ना हा?" मी म्हणालो, "मास्टर म्हणाले, खायचाच रंग आहे. मिठाईत घालतात तो."

का म्हणालो? खेड्यातून आलेली, दिवसभर एका खोलीत कोंडलेली माझी बायको त्या पुड्यांमुळे चारचौघींत ओळखली जायला लागली होती. बायका तिला 'कुंकूवाली वहिनी' म्हणत, तिच्याकडे येऊन बसत, हळदीकुंकवाला तिला आधी बोलावत. ते जाईल, अशी मला भीती वाटली. हे कारण खरं आहे. आणि ते पुरेसं नाही, हेही मला तेव्हापासूनच माहीत आहे.

चैत्रातलं हळदीकुंकू तोंडावर आलं होतं. जिजीने ठरवलं की आता आपलीच गल्ली तपासायची. भरदुपारी, पुरुष कामावर असताना, ती एकेक दार घेत निघाली. "कुंकू दाखव गं." उंबऱ्यावर चिमूटभर टाकायची, लिंबू कापून पिळायचं, बघायचं आणि कशासाठी ते न सांगता पुढच्या दारी. चाळीसेक घरं. सगळीकडे एकच कुंकू, माझ्या बायकोच्या हातचं. सगळीकडे लाल.

आमच्या दारी ती शेवटी आली. मी पाळी बदलल्यामुळे घरीच होतो. तिने लिंबू पिळलं, वाकून त्या लाल ठिपक्याकडे पाहिलं.

"रंग चांगला शे, पोर. कथाइन उना?"

"हे आणतात, जिजी," बायको मोठ्या अभिमानाने म्हणाली. "खायचाच रंग आहे."

"खावाना?" जिजीने माझ्याकडे पाहिलं. मी चपलेचा अंगठा चाचपत बसलो. "बरं," ती म्हणाली. आमच्या उंबऱ्यावरचं लिंबाची फोड तिने उचलून पिशवीत टाकली आणि पदराने उंबरा पुसला. बाकीच्या दारांत मात्र, तपासण्याच्या नादात, लिंबाच्या फोडी तशाच पडून राहिल्या होत्या.

संध्याकाळी गल्ली घरी परतली आणि तिला काय दिसलं? प्रत्येक उंबऱ्यावर कापलेलं लिंबू, त्यावर कुंकू. आणि ते ठेवून गेलेली बाई विधवा, कपाळावर पांढरा डाग असलेली. कोपऱ्यावरच्या सुमनबाईंची सून नेमकी त्याच दिवशी तापाने फणफणली होती. खानदेशातून आलेल्या माणसांना यापुढे कुणी काही सांगायची गरज नव्हती.

तासाभरात जिजीच्या ओट्यापुढे गर्दी झाली. सुमनबाई सर्वांत पुढे.

"लिंबू कोनी टाकं?"

"मीच टाकं," जिजी ओट्यावरून म्हणाली. "लिंबू मन्हंच शे."

"बघा! तोंडाने कबूल करते! स्वतःचं कुंकू गेलं म्हणून आमचं पुसायला निघाली डाकीण!"

डाकीण. हा शब्द एकदा उच्चारला गेला की गर्दीचा आवाजच बदलतो. मागून कुणीतरी म्हणालं, गावाकडून भगत बोलवा, तोच हिचं काय ते बघेल. दुसरा म्हणाला, भगत कशाला, अमावस्येच्या आत घर खाली करायला लावा. जिजी समजावत होती. "अगं, कुंकू तपासत होते. त्यात मिलचा रंग आहे. खरं कुंकू लिंबाने पिवळं पडतं."

"कुंकू तर आमच्या वहिनीच्या हातचं आहे! तिच्या कुंकवाला नावं ठेवते?"

माझी बायको माझ्याशेजारी उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

जिजीला तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. हा माणूस मिलचा रंग डब्यातून आणतो, एवढंच. तिला ते ठाऊक होतं. गर्दी तिथल्या तिथे माझ्याकडे वळली असती. तिने ते वाक्य उच्चारलं नाही. तिने माझ्याकडे बोट केलं आणि शांतपणे म्हणाली, "याले इचारा. हाऊ रंगना कामले शे. लिंबूघाई काय व्हस, हाऊ सांगी."

सगळे माझ्याकडे वळले. सुमनबाई म्हणाल्या, "सांगा भाऊ. तुम्ही शिकलेले आहात. असं काही असतं का?"

मी म्हणालो, "मला काही माहीत नाही."

माझ्या आयुष्यात मी बरंच खोटं बोललो असेन. ते मला आठवत नाही. हे चार शब्द मी रोज ऐकतो.

जिजीने मान हलवली, जणू मी बाजारभाव सांगितला, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

त्यानंतर नळावर तिचा हंडा कुणी रांगेत ठेवू देईना. तिच्या दुसऱ्या खोलीतला भाडेकरू सामान घेऊन गेला. पत्र्यावर दगड पडायचे. लहान मुलांच्या आया तिला येताना पाहून पदर ओढून मुलांना झाकत. बेन दोनदा येऊन सगळ्यांना समजावून गेली. ती परकी, गुजराती. तिचं कोण ऐकणार? अमावस्या जवळ येत होती. आणि जिजी काय करत होती? ओट्यावर बसून कापडाच्या तुकड्यांना चिठ्ठ्या बांधत होती. मला पाहिलं की नेहमीसारखंच म्हणायची, "भाऊ, पाणी आठ वाजता येणार आहे, वहिनीला सांग." एकदाही तिने त्या संध्याकाळचा विषय काढला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी कसाबसा जगलो असतो.

अमावस्येला तीन दिवस राहिले होते. सकाळी बायको आरशापुढे उभी राहून कपाळ खाजवत होती. कुंकवाखाली एक लालसर वर्तुळ उमटलं होतं. तिने त्यावर नेहमीपेक्षा मोठं कुंकू लावलं.

मी तसाच जिजीच्या ओट्यावर गेलो. उभ्या उभ्या सगळं सांगितलं: डबा, ड्रम, कवटी, खायचा रंग. बोलताना रडलो असेन. तिने हातातला तुकडा घडी करून बाजूला ठेवला.

"तू माले काय सांगस?" ती म्हणाली. "माले माहीत शे. तुन्ही बायकोले सांग."

गर्दीला सांग, असं ती म्हणाली नाही. माझ्यावरचा आळ काढ, असं तर नाहीच. अमावस्या तीन दिवसांवर आलेली होती, तिचं घर जाणार होतं, आणि या बाईच्या मनात होतं ते माझ्या बायकोचं कपाळ.

मी घरी गेलो आणि बायकोला सांगितलं. ती पुड्या भरत होती. ऐकताना तिचे हात थांबले नाहीत. अर्धी पुडी भरून झाली, मग ती थांबली. "तुम्हाला माहीत होतं?" तिने विचारलं. "मी रोज लावत होते, तेव्हा माहीत होतं?" मी हो म्हणालो. ती उठली, मोरीत गेली आणि साबणाने कपाळ धुतलं. पुन्हा धुतलं. बाहेर आली तेव्हा तिचं कपाळ पहिल्यांदाच मोकळं होतं आणि मधोमध ते लाल वर्तुळ होतं. तिने कोपऱ्यातलं पोतं झटकून माझ्या हातात दिलं.

"चला. सगळं परत आणायचं."

पहिलं दार सुमनबाईंचं. माझ्या बायकोचं मोकळं कपाळ पाहून त्या दचकल्या. "अगं बाई, काय झालं गं?"

"कुंकू परत द्या, ताई. लावायचं नाही ते."

"का गं?"

बायको बाजूला झाली. "हे सांगतील."

मी बोललो. कुंकवात मिलचा रंग आहे, तो मी आणला, जिजी लिंबाने तेच तपासत होती. सुमनबाई आत गेल्या, पुडी आणून पोत्यात टाकली. मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आणि त्या दिवशी तोंडात काय धरलं होतं?"

मी पोतं उचललं. पुढच्या दारी गेलो. काहींनी शिव्या घातल्या. एकीने पुडी माझ्या अंगावर फेकली, शर्ट लाल झाला. एका म्हाताऱ्याने विश्वासच ठेवला नाही. जिजीने माझ्यावर काहीतरी केलं असणार, असं त्याचं म्हणणं पडलं. सुमनबाई पाच-सहा घरांनंतर आमच्या मागे चालायला लागल्या. त्या प्रत्येक दारात उभ्या राहत होत्या.

गल्ली संपली तेव्हा आम्ही जिजीच्या ओट्यापाशी आलो. ती उठून उभी राहिली. पोत्याकडे पाहून म्हणाली, "मन्हा कडे काय मांगतस? माले कोन देस कुकू?"

मग तिने माझ्या बायकोची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, कपाळ नीट निरखलं. "जाईल," ती म्हणाली. "लवकर धुतलंस. खोबरेल लाव." आणि लगेच, "मागच्या गल्लीत किती पुड्या गेल्या?"

"बऱ्याच," बायको म्हणाली.

जिजीने चपला पायात सरकवल्या. "चाला मंग."

मागच्या गल्लीत बातमी अजून पोचली नव्हती. तिथे जिजी अजून डाकीणच होती. पहिल्याच दारात उभ्या असलेल्या बाईने तिला पाहिलं, झटकन मुलीला आत ओढलं आणि दार लोटायला लागली. जिजीने दारावर हात ठेवला. आत शिरली नाही. फक्त एक पाऊल बाजूला झाली, मला जागा करून दिली आणि म्हणाली, "बोल, भाऊ."